चिमटीची दुसरी तपासणी

४ फेब्रुवारी

बोलतेय. ऐकू जातंय का रे बाबा? जात असणार. पडद्यावर मुंग्यांची रांग चालल्यासारखं काहीतरी उमटतंय. जन्मभर माझी अक्षरांशी ओळख नाही. घड्याळ कळतं, नोटा कळतात, माणसं तर चेहऱ्यावरून कळतात. अक्षरं तेवढी राहून गेली. आणि आता या वयात ती माझ्याच तोंडातून बाहेर पडायला लागली आहेत.

ही सगळी करणी डॉक्टरीणबाईची. मांजरांची डॉक्टरीण. मला म्हणाली, "आजी, मुकादमाला नवं औषध सुरू केलंय. रोज काय खाल्लं, पाणी किती प्यायला, शी कशी झाली, हिरड्या गुलाबी आहेत की पांढऱ्या, सगळं लिहून ठेवायचं."

मी म्हटलं, "मला लिहिता आलं असतं तर मी डॉक्टर झाले असते, आणि तू माझ्या दारात मांजर घेऊन उभी राहिली असतीस."

मग तिने माझा फोन घेतला, काहीतरी दाबलं. "हे गोल बटण दाबायचं आणि बोलायचं. तारीख फोन आपली आपण घालतो. तुम्ही बोललात की माझ्याकडे येतं."

"सगळं?"

"हो, मुकादमाचं खाणंपिणं मला कळायला हवं ना!"

म्हणजे खाणंपिणं तिच्याकडे जाणार, बाकीचं बोलेन ते माझं माझ्यापाशी राहणार. फोन हुशार आहे, कुणाचं काय ते त्याला कळत असणार. सोय चांगली आहे. घरात दुसरं कुणी ऐकणारं नाही, तेव्हा बोलून घ्यावं.

तर मुकादम म्हणजे आमचा बोका. तांबडा, एक कान फाटका. मी राबत असले की उंचावर बसून बघतो, काम संपलं की उठून जातो, म्हणून मुकादम. थंडीत मागच्या जिन्याखाली पडला होता, अंगात ताप, तोंडात फोड. रक्त तपासलं तर मांजरांचा ल्युकेमिया. रक्तात ठाण मांडून बसणारा विषाणू आहे म्हणे. थुंकीतून जातो. एकमेकांना चाटलं, एका वाटीत खाल्लं, की लागलाच. माणसाला होत नाही. त्याला दोनदा तपासला, दोन्ही वेळा तेच. इलाज नाही, नुसतं जपायचं. बाहेर सोडायचा नाही, दुसऱ्या मांजराजवळ न्यायचा नाही. असं मांजर कुणी घेत नाही. मी घेतलं. "का घेतलंस?" म्हणून मुलाने फोनवर विचारलं. मी म्हटलं, मागची खोली रिकामी होती.

९ फेब्रुवारी

मुकादमाने अर्धी वाटी उकडलेला मासा खाल्ला, पाणी प्यायला, औषध देताना मला बोचकारलं. हिरड्या फिकट गुलाबी. हे डॉक्टरीणबाईचं.

आता माझं. मुकादम झुरतोय. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहतो. त्या भिंतीवर बघण्यासारखं काही नाही. मी स्वतः पुष्कळ वेळ बघितलंय. संध्याकाळ तर त्याला फार जड जाते. दिवे लावायच्या वेळेला घर मोठं मोठं होत जातं आणि हाक मारणारं कुणी नसतं. म्हणून मी माझी बशी घेऊन त्याच्याच खोलीत जाऊन बसते. त्याला तेवढंच बरं वाटतं.

डॉक्टरीणबाईला हे सांगितलं. म्हटलं, एकटेपणाने खंगत चाललाय बोका. तिने त्याला काट्यावर ठेवलं.

"आजी, वजन वाढलंय."

"तुझा काटा बिघडलाय."

"काटा नवा आहे."

"मग बोका सुजला असेल."

ती हसली. मग माझं मनगट हातात धरून म्हणाली, "तुम्ही पण एकदा उभ्या राहता का काट्यावर?" मी म्हटलं, मी मांजर नव्हे.

१३ फेब्रुवारी

आज डॉक्टरीणबाई आली ती एक हात कोटाच्या खिशावर दाबून.

"आजी, एक विचारायचं होतं."

"खिसा वळवळतोय तुझा. विचार लवकर."

खिशातून तिने पिल्लू काढलं. भाजीत मीठ टाकावं एवढंसं. राखाडी रंग, एक डोळा चिकटलेला, शेपटी म्हणजे नुसती सुतळी. गॅरेजमध्ये जुन्या टायरात सापडलं. आई मेलेली.

"हिची पहिली तपासणी ल्युकेमियाची आली."

"मग बरंच झालं की. मुकादमाला सोबत मिळाली. घाल आत." मी लगेच कडीकडे हात नेला.

ती झटकन दाराला पाठ लावून उभी राहिली. एवढी चपळाई मी तिच्यात कधी पाहिली नव्हती. "नाही आजी! ते अजिबात करायचं नाही. लहान पिल्लांचं शरीर कधीकधी हा विषाणू झटकून टाकतं. आत्ता रक्तात दिसतो, महिना-दीड महिन्याने पुन्हा तपासलं तर गेलेला असतो. सगळ्यांचं असं होत नाही, पण काहींचं होतं. तोवर मुकादमाच्या थुंकीचा थेंबही हिला लागता कामा नये. त्याने माया करून एकदा चाटलं, तरी हिला मिळालेली संधी जाईल."

"म्हणजे पोरीने मायेनेच मरायचं म्हण की!"

"तसंच समजा."

"मग तुझ्याकडे ठेव."

"दवाखान्यातली मांजरं निरोगी आहेत, हिचं त्यांना लागेल. ज्यांच्या घरी मांजर नाही ते आजारी पिल्लू घेत नाहीत. मला तुमच्याशिवाय दुसरं दार नाही."

"खुशामत मला कळते हं."

"खुशामतच आहे," ती म्हणाली, "पण खोटी नाही."

पिल्लाचं नाव चिमटी ठेवलं. ती पुढच्या खोलीत माझ्यापाशी, मुकादम मागे, मध्ये दार. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल गुंडाळून बसवलाय, म्हणजे नाकाला नाकही लागायला नको.

१५ फेब्रुवारी

मुकादम: मासा संपवला. चिमटी: बाटलीतून दूध, मग उचकी.

नियम असे. आधी चिमटीचं सगळं करायचं, मग मुकादमाचं. उलट कधीच नाही. लाल वाटी चिमटीची, निळी मुकादमाची, आणि निळी त्याच्या खोलीबाहेर येणार नाही. आत जाताना चिमटीला स्वयंपाकघरात कोंडायचं, अंगावर वेगळा कोट चढवायचा, बाहेर येताना तो आतच टांगायचा, कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे.

जन्मभर मी आजाऱ्याचं ताट आधी वाढलं. सासूचं, मग ह्यांचं. आता आजाऱ्याने मागून जेवायचं. हात सवयीने आधी निळ्या वाटीकडेच जातो, आणि मग मी हाताला रागावते.

कोट म्हणून ह्यांचा जुना रेनकोट काढलाय. काल तो घालून आत गेले तर खिडकीच्या काचेत हेच उभे. मी म्हटलं, "आलात का? इतका उशीर?" मुकादमाने माझ्याकडे असं बघितलं, की त्याला बोलता येत नाही हेच बरं.

२० फेब्रुवारी

चिमटीचा डोळा उघडला. दुसरा होता तसाच आहे, म्हणजे आता दोन झाले. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघून ती मोठ्याने ओरडली. इतके दिवस कुणाच्या हातचं दूध पितेय हे आत्ता कळलं असावं, आणि पसंत पडलेलं दिसत नाही.

ती माझ्या मानेशी झोपते. एवढासा जीव, पण घोरते केवढ्याने! मला झोप लागत नाही असं डॉक्टरीणबाईला सांगितलं तर ती पिल्लाला टोपलीत ठेवा म्हणेल, म्हणून सांगत नाही.

दोघांचं जेवणखाण झाल्यावर मला कंटाळा आला. दूध आणि ब्रेड खाल्लं. कालही तेच. एकटीसाठी गॅस कुठे पेटवायचा!

२१ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई सूप घेऊन आली. मोठा डबा, चिकनचं, घट्ट. म्हणाली, "घरी जास्त झालं होतं." एकटी राहणारी बाई, आणि हिला डबाभर सूप जास्त होतं! स्वयंपाकाचा काही अंदाज नाही पोरीला. मी तसं बोलून दाखवलं. "शिकवा मग," म्हणाली, आणि मी सगळं संपवेपर्यंत समोर बसून राहिली. दवाखान्यात गर्दी नसावी. वाईट वाटलं तिचं.

२६ फेब्रुवारी

मुलाचा फोन. त्याने कुठेतरी वाचलंय.

"आई, ल्युकेमिया म्हणजे कॅन्सर ना? तुला झाला तर?"

"मांजराचा माणसाला होत नाही."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर."

"कसला डॉक्टर?"

"मांजराचा."

"झालं! तू इकडे ये बरं राहायला. तुझी खोली तयार आहे."

"मांजरांची?"

"आई, हिला मांजराने शिंका येतात. किती वेळा सांगू?"

"मग तू ये."

"येणारच आहे गं. हा महिना जरा गडबडीचा..."

"प्रत्येक महिना तुझ्याच वाट्याला गडबडीचा येतो रे. बिचारा."

तो हसला, मीही हसले. सूनबाईने मागून "आईंना नमस्कार सांगा" म्हटलं आणि शिंकलीही. फोनमधून मांजर पोचलं बहुतेक.

फोन ठेवून मागच्या खोलीत गेले, तर मुकादम दाराकडे तोंड करून बसलेला. त्याला वाटलं असेल, कुणी येतंय. मी सांगितलं, नाही रे, नुसता फोन होता.

२ मार्च

मुकादम: पाऊण वाटी. चिमटी: लाल वाटी चाटूनपुसून साफ, वर माझ्या पदराची किनार खाल्ली.

डॉक्टरीणबाई बेकरीवाल्याला आणि त्याच्या बायकोला घेऊन आली. दुसऱ्या तपासणीत चिमटी स्वच्छ निघाली तर ते नेणार. आजारी निघाली तर नाही, कारण त्यांच्याकडे एक म्हातारी मांजर आहे, तिला लागेल. बरोबरच आहे. दोघं बाहेर गॅलरीत खिडकीशी उभे राहिले, हातही लावला नाही, घरी जाऊन म्हातारीला काही लागू नये म्हणून. मला तेवढं आवडलं. बेकरीवाल्याच्या भुवयांवर पीठ होतं. त्याची बायको काचेला नाक लावून चिमटीकडे बघत होती. चिमटीनेही काचेला पंजा लावला. लाज नाही.

"आमच्या म्हातारीला सोबत हवी आहे," बायको म्हणाली. "तिची जोडीदारीण गेल्यापासून फार उदास असते. दुकानातून घरी आलं की तिच्याकडे बघवत नाही."

ते गेल्यावर मी डॉक्टरीणबाईला म्हटलं, "बघितलंस? उदास आहे ती स्वतः, आणि खपवते मांजराच्या नावावर. लोकांना आपलं आपल्याला कळत नाही."

डॉक्टरीणबाईने चहाचा कप तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

३ मार्च

फोनबाबा, हे खाणंपिणं नाही, तेव्हा हे कुठे जाऊ देऊ नकोस.

मला वाटतं, चिमटी आजारीच निघावी.

मरावी असं नाही. मुकादमासारखी राहावी. जपलं तर अशी मांजरं वर्षानुवर्षं राहतात, डॉक्टरीणबाईच म्हणाली होती. नुसतं कुणी घेऊ नये एवढीच आजारी. मग ती माझीच. बोलून टाकलं. बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तसं काही वाटलं नाही.

८ मार्च

मुकादमाने कालपासून अन्नाला तोंड लावलं नाही. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. कान गरम.

डॉक्टरीणबाईने कातडीखाली सुई घालून पाणी चढवलं. मी त्याचं डोकं धरून बसले. एरवी जो बोचकारतो, त्याने आज माझ्या हातात हनुवटी ठेवून दिली. मला ते मुळीच आवडलं नाही. मी म्हटलं, "मुकादम, एक बोचकारा काढा बरं."

"या वेळी सावरेल असं वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाली. "पण दर वेळी सावरेलच असं नाही, आजी."

"मला सांगू नकोस. दर वेळी कुणी सावरत नाही, हे मला या खोलीतच कळलंय."

१० मार्च

मुकादमाने चमचाभर सूप चाटलं. हे तिच्यासाठी. पुढचं माझं.

दुपारची गोष्ट. दाराच्या तिकडे मुकादम उठल्याचं ऐकू आलं. पावलं लटपटत होती, तरी दारापर्यंत आला आणि टॉवेल हुंगत बसला. या बाजूला चिमटी. तिला त्याचा वास आला आणि ती ओरडायला लागली. तो तिकडून घशातल्या घशात काहीतरी म्हणाला. असा आवाज त्याने माझ्यासाठी कधी काढला नाही. दोघांच्या मध्ये एक फळी, आणि मी.

मी विचार केला, हा आज आहे, उद्या नाही. जाता जाता त्याला कुणीतरी अंगाला अंग लावून बसलेलं मिळू नये का? आणि तिला तरी आईने चाटलेलं कुठे आठवत असेल! हे मी मुकादमासाठी म्हणत होते. पण मग पुढचंही मनात आलं, नाही कसं म्हणू! दार उघडलं की दुसऱ्या तपासणीचं काय होणार ते ठरलं. बेकरीवाला येणार नाही. कुणाला कळणारही नाही. डॉक्टरीणबाई म्हणेल, काहींच्या शरीराला जमत नाही. मला बोल लावणार नाही, उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवेल.

हात कडीवर होता. चिमटी माझ्या पायावर चढली आणि अंगठ्याला दात लावून खेळायला लागली. मी कडी सोडली, पण ती अंगठा दुखला म्हणून. बाकी काही मनात आलं म्हणून नाही.

उद्या उघडणार. सकाळचं खाणं झालं की. ठरलंय.

११ मार्च

अजून चहासुद्धा झाला नव्हता, तर दारात डॉक्टरीणबाई. केस विंचरलेले नाहीत, एका पायात काळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी.

"काय गं, आग लागली की काय?"

"नाही, जवळून जात होते."

तिचा दवाखाना आणि घर दोन्ही पार दुसऱ्या टोकाला, आणि ही माझ्या घराजवळून जात होती! मी चपलांकडे बोट दाखवलं, तर म्हणाली, "हल्ली अशीच पद्धत आहे." मला काय फसवते! पण आत घेतलं. चहा दिला. तिने तो गार होऊ दिला. मुकादमाच्या दाराकडे एकदा बघितलं, मग चिमटीकडे, मग माझ्याकडे.

"आजी, चिमटीला मी घेऊन जाऊ का? तपासणीपर्यंत माझ्या न्हाणीघरात ठेवीन."

"का? माझं काही चुकलं?"

"नाही. काहीच चुकलेलं नाही."

"मग?"

"तुम्हाला जड जात असेल, तर."

"मला कशाला जड जाईल? एवढंसं तर मांजर."

चिमटी तिच्या चपलेचा पट्टा चावत होती, काळ्या चपलेचा. मला वाटलं, ही आता पिल्लाला उचलणार आणि जाणार. आणि उचलेल तर बरंच, असंही वाटलं.

पण ती उठली आणि रिकाम्या हाताने दाराकडे गेली. "मग इथेच राहू दे. तुमच्याइतकं जपणारं मला दुसरं कुणी मिळणार नाही."

एवढं म्हणून गेली. मुकादमाला बघितलंसुद्धा नाही! ताप उतरला का, हे तरी विचारायचं. कसली डॉक्टरीण! पण तिचा तो गार चहा मला ओतवेना. मीच प्यायले.

मग सुतळी शोधली. कडीला गुंडाळली, बाजूच्या खिळ्याला गुंडाळली, आणि गाठीवर गाठ मारली. माझी बोटं सांध्यांत धरलेली आहेत, एक गाठ सोडायची तर बसून सोडावी लागते. आता मुकादमाकडे जायचं म्हटलं की दर वेळी सोडायची, बाहेर आलं की दर वेळी बांधायची. गाठ सुटेपर्यंत डोकं ताळ्यावर यायला पुरेसा वेळ मिळतो.

आज उघडलं नाही.

१४ मार्च

मुकादम: अर्धी वाटी, आणि मला बोचकारलं! खोल. फार बरं वाटलं.

बोटं सुजली आहेत. सुतळीने कातडी सोलवटली. चिमटीला वाटतं, गाठी तिच्या खेळासाठीच मारते मी.

१५ मार्च

डॉक्टरीणबाईने मलम आणलं, बोटांच्या सांध्यांसाठी. म्हणाली, औषधवाल्याने फुकट दिलं. मांजरांच्या डॉक्टरला माणसाच्या बोटांचं मलम फुकट देणारा हा कोण शहाणा? तिने माझी बोटं एकेक करून चोळली. कडीवरच्या सुतळीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दिसली नसेल. नजर कमी झालीय का, बघायला हवं तिची.

२० मार्च

तपासणी झाली.

चिमटी आता हातात मावत नाही. तिला टॉवेलात गुंडाळून मी धरली, डॉक्टरीणबाईने पायातून रक्त काढलं. चिमटीने शिव्या दिल्या, दोघींनाही सारख्याच. रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. एक रेघ आली की स्वच्छ, दोन आल्या की आजार.

डॉक्टरीणबाईने पट्टी माझ्यापुढे सरकवली आणि आपण खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "तुम्ही बघा. माझ्याने बघवत नाही."

"मला वाचता येत नाही, माहितीय ना?"

"रेघा येतात की."

एक रेघ लगेच उमटली. दुसरीची मी वाट बघत बसले. चष्मा पुसला. पट्टी उजेडाकडे धरली, तिरकी धरली. चिमटी मांडीवर चढून पट्टी हुंगायला लागली. मी जागा बघितली, जिथे दुसरी यायची तिथे. पांढरं होतं. पुन्हा बघितलं, पांढरंच.

"एकच आहे," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाई वळली, बघितलं, आणि खुर्चीवर बसलीच. तोंडावर हात. "दार बंद ठेवलंत तुम्ही," म्हणाली.

"मग? तू सांगितलं होतंस ना!"

तिने माझ्या गळ्यात हात टाकून मला एवढं घट्ट धरलं, की मध्ये चिमटी चिरडता चिरडता वाचली. आता मोठ्या प्रयोगशाळेतही रक्त पाठवायचं, खात्रीसाठी.

मी दुसरी रेघ शोधत होते. हे फोनबाबा, तू विसरून जा.

२५ मार्च

मोठ्या प्रयोगशाळेतूनही तेच आलं. बेकरीवाले आज आले, या वेळी आतपर्यंत.

त्याने भुवया पुसून आणल्या होत्या. बायको पाटावर बसली, तर चिमटी सरळ तिच्या मांडीवर. मी म्हटलं, "सांभाळा. ही किनारी खाते, सुतळ्या खाते, चपला खाते. अन्न तेवढं सांगावं लागतं. मानेशी झोपते. घोरते. घोरणं थांबलं की आपल्याला जाग येते."

"तुम्हाला चुकल्यासारखं वाटेल," बायको म्हणाली.

"मला? माझ्याकडे मुकादम आहे."

"आम्ही हिचं नाव बिस्किट ठरवलंय," बेकरीवाला म्हणाला. बायकोने त्याला डोळ्यांनी दाबलं. मी म्हटलं, "ठेवा की. मांजर तुमचं, नाव तुमचं. हाकेला ती दोन्हींना येणार नाही."

टोपलीत घातली तेव्हा ओरडली. जिन्यावर ओरडली. रस्त्यावर गाडीचं दार लागेपर्यंत ऐकू येत होतं, मग नाही. डॉक्टरीणबाई त्यांच्याबरोबर गेली, त्यांच्या म्हातारीला एकदा बघायचं होतं. मी वरून हात हलवला. कुणी वर बघितलं नाही, गाठोडी-टोपल्या सांभाळताना माणसांना वर बघायला होत नाही.

२६ मार्च

पुढची खोली धुतली. साबणाच्या पाण्याने जमीन, पलंगाचे पाय, खिडकीची काच. काचेवर आतून पंजाचा ठसा होता, तोही पुसला गेला. मुद्दाम नाही, फडका फिरला.

आता घरात दुसरं मांजर नाही, तेव्हा मुकादमाला कोंडायचं कारण नाही. सुतळी सोडायला बसले, मग कंटाळून सुरीने कापली. दार सताड उघडलं. म्हटलं, "चला मुकादम. सगळं घर तुमचं."

तो उंबऱ्यापर्यंत आला. मान बाहेर काढली. जिथे चिमटी बसून ओरडायची ती जागा हुंगली. मला वाटलं, आता हा रडणार. तो शिंकला, वळला, आणि आपल्या पोत्यावर जाऊन निजला.

मी हाक मारली. माशाची वाटी बाहेर ठेवली. चुटक्या वाजवल्या. त्याने एक कान हलवला, तोही फाटका. इतके दिवस मी समजत होते, हा सोबतीसाठी झुरतोय. कसचं काय! हा आपला खुशाल आहे. अंग धरलंय त्याने, पोत्यावर नीट मावतही नाही.

दार उघडं. इकडे धुतलेली खोली, तिकडे निजलेला बोका, आणि मध्ये मी उंबऱ्यावर, हातात सुरी घेऊन. कुणी पाहिलं असतं तर घाबरलं असतं.

मग मीच आत गेले. रेनकोट घातला नाही, हात धुवायची भानगड नाही. त्याच्या पोत्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघ्यांनी आधीच सांगितलं होतं, बसू नकोस म्हणून. मुकादमाने एक डोळा उघडून मला पाहिलं. सरकला नाही. मीच जरा सरकले आणि पाठ भिंतीला टेकवली.

आता उठायचं कसं, ते कळत नाही. बघू. घाई कुणालाच नाही.